तार की बिनतारी?
दूरसंचार कंपन्यांतील गुंतवणुकीसंबंधी काही विचार

(मंडळाच्या पुणे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नाही, की शेअरबाजारातील दलालही नाही. जन्मभर नोकरी करून काटकसरीने चार पैसे मागे टाकणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांपैकीच आमचे एक कुटुंब. तेव्हा येथे जे सांगावयाचे ते पाहिलेले, वाचलेले आणि काही अंशी सोसलेले आहे, एवढेच प्रारंभी नमूद करतो.

विषय आम्ही स्वतः होऊन निवडलेला नाही. गेल्या काही महिन्यांत आपल्यातील तरुण सभासदांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, जग बिनतारी झाले, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, तेव्हा पैसा मोबाइल कंपन्यांच्या शेअरमध्ये घालावा. दुसरा पक्ष म्हणतो, मोबाइलच्या मनोऱ्यालाही शेवटी काचेची तार लागतेच, तेव्हा फायबर तयार करणाऱ्या व अंथरणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत. हा वाद चहाच्या टेबलापुरता राहिला असता तर आम्ही त्यात पडलो नसतो. परंतु आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीचा काही भाग अशा शेअरमध्ये गुंतवावा अशी सूचना सभेपुढे येऊ घातली आहे, आणि निवृत्त झालेले आपले एक-दोन बांधव भविष्यनिर्वाह निधीची रक्कम याच कारणासाठी काढण्याच्या विचारात आहेत. म्हणून हा प्रश्न नीट पारखून घेणे अगत्याचे झाले आहे.

आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटेल, परंतु तार श्रेष्ठ की बिनतारी श्रेष्ठ हा झगडा आजचा नाही, आणि त्याचा एक अंक खुद्द आपल्या पुणे जिल्ह्यात घडून गेलेला आहे. १८७० साली मुंबईहून एडन व सुएझमार्गे विलायतेपर्यंत समुद्रातून तार टाकली गेली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हिंदुस्थानातून विलायतेस जाणाऱ्या संदेशांवर या समुद्रतारांच्या कंपन्यांचे वर्चस्व होते, आणि त्यांचे भागधारक स्वस्थचित्ताने लाभांश घेत होते. १९२७ साली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने खडकीजवळ बिनतारी संदेश पाठविण्याचे आणि दौंड येथे ते ग्रहण करण्याचे केंद्र उभारले. मार्कोनीच्या नव्या पद्धतीने रेडिओलहरींचा झोत थेट विलायतेच्या दिशेने सोडला जाऊ लागला. समुद्राच्या तळाशी हजारो मैल तार पुरण्याचा खर्च नसल्यामुळे दर कमी, साहजिकच गिऱ्हाईक तिकडे वळले. समुद्रतारांच्या कंपन्या हादरल्या.

त्या वेळी एखाद्या पुणेकर गृहस्थाने विचारले असते की पैसा कोठे घालावा, तर कोणीही बिनतारीकडेच बोट दाखविले असते. परंतु पुढे काय झाले पाहा. तारांच्या कंपन्या बुडणे साम्राज्य सरकारला परवडणारे नव्हते, कारण युद्धकाळात गुप्त संदेशांसाठी त्यांस तारच हवी होती. १९२८ साली लंडनमध्ये परिषद भरली. १९२९ मध्ये तार व बिनतारी या दोहोंचे व्यवसाय एकत्र बांधण्यात आले, आणि त्याच संस्थेस १९३४ पासून केबल अँड वायरलेस हे नाव मिळाले. आपल्याकडेही १९३२ मध्ये दोन्ही व्यवसाय मिळून इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी निघाली, आणि १ जानेवारी १९४७ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने बिनतारीचा विजय झाला होता हे खरे. परंतु त्या विजयाचे फळ कोणाच्या पदरात किती पडावयाचे, हे सरकारी धोरणाने ठरविले.

गोष्ट येथेच संपली नाही. १९७१-७२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात आर्वी येथे उपग्रहाद्वारे संदेश घेणारे विक्रम भूकेंद्र सुरू झाले, आणि समुद्रतारेचे दिवस भरले असे लोक म्हणू लागले. तोच १९८८ मध्ये अटलांटिक महासागरात पहिली प्रकाशतंतूंची तार पडली, आणि पारडे पुन्हा फिरले. आज खंडाखंडांमधील बहुतेक सर्व दळणवळण समुद्राखालच्या काचेच्या तंतूंतूनच चालते. आणि आता आकाशातील लहान उपग्रहांची नवी फौज येऊ घातली आहे. स्टारलिंक कंपनीस आपल्या देशात २०२५ साली परवानाही मिळाला. शंभर वर्षांत हे पारडे इतक्या वेळा खालीवर झाले आहे, की यापुढे ते एकाच बाजूस राहील असे छातीठोकपणे सांगणाऱ्याचा आम्हांस धाक वाटतो.

शिवाय तार आणि बिनतारी हे एकमेकांचे वैरी आहेत ही समजूतच मुळी बरोबर नाही. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्या मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी झेलतात, परंतु झेललेला संदेश मुख्य इमारतीपर्यंत येतो तो प्रकाशतंतूंतून. मोबाइलचेही तसेच आहे. आपल्या हातातील यंत्रापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतची वाट तेवढी बिनतारी, पुढचा प्रवास बहुतांशी काचेतून. जेथे मनोऱ्यापर्यंत तंतू पोहोचलेला नाही तेथे तो पुढे न्यावा, म्हणून केंद्र सरकारने २०१९ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेत ७० टक्के मनोरे तंतूने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

यावरून दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे ठरले असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून दोन्ही धंद्यांचे अंतरंग थोडे पाहू.

प्रथम बिनतारीचा धंदा. यात कंपनीला तीन गोष्टींसाठी पैसा ओतावा लागतो : लहरी वापरण्याचा हक्क, मनोरे व यंत्रे, आणि गिऱ्हाईक. लहरींचा हक्क सरकार लिलावाने विकते आणि तो साधारणपणे वीस वर्षांचा असतो. २०१० च्या तिसऱ्या पिढीच्या लिलावात सरकारास सुमारे ६७,७०० कोटी रुपये, तर २०२२ च्या पाचव्या पिढीच्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपये मिळावयाचे ठरले. या धंद्यात दर आठ-दहा वर्षांनी नवी पिढी येते, जुनी यंत्रे बदलावी लागतात, नव्या लहरी विकत घ्याव्या लागतात. गृहिणीच्या भाषेत सांगावयाचे तर घराचे कर्ज फिटत आले की घरच नवे बांधावयाचे, अशी ही रीत आहे.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. १९९० नंतरच्या दशकात मुंबई वगळून महाराष्ट्र व गोवा या विभागात ज्या खाजगी मोबाइल कंपन्या आल्या, त्यांत बिर्ला-एटी अँड टी ही एक होती. पुढे तिचीच आयडिया झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये आयडियाचा शेअर ७५ रुपयांस जनतेस देण्यात आला. मोबाइल वाढणार हे त्या वेळचे भाकीत शंभर टक्के खरे ठरले. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली आणि दर कोसळले. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन व आयडिया एकत्र झाल्या. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला द्यावयाच्या शुल्काचा हिशेब कंपन्यांच्या विरुद्ध लावला, आणि त्यानंतरच्या महिन्यात कंपनीने एका तिमाहीचा तोटा ५०,९२२ कोटी रुपये जाहीर केला. त्याच महिन्यात शेअर तीन रुपयांच्याही खाली गेला. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने पुन्हा शेअर विकले ते ११ रुपयांस. पुढे थकलेल्या देण्यापोटी सरकारने शेअर घेत घेत २०२५ मध्ये जवळजवळ ४९ टक्के हिस्सा आपल्याकडे घेतला. ज्याने २००७ साली ७,५०० रुपये देऊन शंभर शेअर घेतले, त्याच्या हाती २०२४ च्या त्या भावाने ११०० रुपये उरले.

आता त्याच धंद्यातील दुसरी कंपनी पाहा. भारती कंपनीचा शेअर २००२ च्या प्रारंभी ४५ रुपयांस मिळाला. वर्षभरातच तो त्याहून खाली गेला. पुष्कळांनी कंटाळून विकला. पुढे २००९ मध्ये दहा रुपयांच्या एका शेअरचे पाच रुपयांचे दोन झाले, आणि २०२४ मध्ये त्यांतील एकेकाचा भाव पंधराशे रुपयांपलीकडे गेला. तथापि याच शेअरने मध्यंतरी दहा-बारा वर्षे भागधारकास जवळजवळ जागच्या जागी उभे ठेवले, हेही विसरता कामा नये. म्हणजे बिनतारी तीच, देश तोच, गिऱ्हाईकही तेच, परंतु एकाचा संसार उभा राहिला आणि दुसऱ्याचा मोडला.

आता फायबरचा धंदा. केसासारख्या बारीक, अतिशुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाश कित्येक मैल जातो. अशा तंतूने दूरवर संदेश नेता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखविले, आणि त्याबद्दल २००९ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा उद्योग आपल्या दाराशीच आहे. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ही कंपनी पूर्वीचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे काचेच्या दांड्यापासून तंतू ओढते. १९५८ साली पुण्यात स्थापन झालेली पिंपरीची फिनोलेक्स केबल्सही प्रकाशतंतूंच्या तारा करते, मात्र तिचा मोठा व्यवहार घरगुती व औद्योगिक विजेच्या तारांचा आहे. म्हणून फायबरसाठी म्हणून जो तिचा शेअर घेईल, त्याने आपण मुख्यत्वे विजेच्या तारांचा धंदा विकत घेत आहोत हे जाणून घ्यावे.

या धंद्याची एक खोच फार थोडे लोक ध्यानात घेतात. तंतू एकदा पुरला की वीस-पंचवीस वर्षे टिकतो. एवढेच नव्हे, तर दोन्ही टोकांची प्रकाश सोडणारी व घेणारी यंत्रे बदलली की त्याच जुन्या तंतूतून पूर्वीच्या कितीतरी पट संदेश जातो. ग्राहकास हे मोठे वरदान, परंतु तंतू विकणाऱ्यास अडचण. कारण संदेशांची संख्या दसपट झाली म्हणून तंतूंची विक्री दसपट होत नाही. १९९९-२००० च्या सुमारास जगभर हाच हिशेब चुकला. इंटरनेट वाढणार म्हणून कंपन्यांनी कर्ज काढून समुद्र तारांनी भरून टाकला. इंटरनेट वाढलेच. परंतु ग्लोबल क्रॉसिंग ही बलाढ्य कंपनी जानेवारी २००२ मध्ये दिवाळ्यात गेली. टायको कंपनीने अब्जावधी डॉलर खर्चून घातलेले जागतिक जाळे आपल्या विदेश संचार निगमने, जी तोवर टाटांकडे आली होती, अवघ्या १३ कोटी डॉलरांस घेण्याचा करार २००४ मध्ये केला. ज्याने तार टाकली तो बुडाला. ज्याने ती पडत्या भावात उचलली त्यास ती पुरून उरली.

तंतूच्या कारखान्यांचेही चक्र असेच फिरते. मागणी वाढली की सर्व कारखाने एकदम वाढतात, मग माल फार होतो आणि भाव पडतो. २०१९ मध्ये चीनमधील मागणी मंदावली तेव्हा जगभर तंतूचे भाव कोसळले. स्टरलाइटचा शेअर २०१८ च्या आरंभी चारशे रुपयांच्या आसपास होता, तो मार्च २०२० मध्ये शंभराच्या पुष्कळ खाली आला. तंतू काही वाईट झाला नव्हता.

काही चतुर सभासद म्हणतील, मग निम्मे इकडे व निम्मे तिकडे घालावे, म्हणजे जोखीम वाटली जाईल. यातही एक फसगत आहे. तंतूचा मोठा गिऱ्हाईक कोण? मोबाइल कंपन्या आणि सरकार. मोबाइल कंपनीस कर्जाचे हप्ते जड झाले की ती प्रथम नवा तंतू टाकणे लांबणीवर टाकते. म्हणजे एक आजारी पडले की दुसऱ्यासही कणकण येते. रिलायन्स कम्युनिकेशन्सजवळ मोबाइल होता, देशभर पसरलेला तंतू होता, फ्लॅग कंपनीच्या रूपाने समुद्रतारही होती. जानेवारी २००८ मध्ये तिचा शेअर आठशे रुपयांच्या वर होता. २०१९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती, आणि शेअर दोन रुपयांनाही महाग झाला होता.

आता थोडे घरचे सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष आमच्या उतावळेपणाचा होता. २००० साली, जेव्हा चोहीकडे याच धंद्याचा गजर चालला होता, तेव्हा आम्ही थोरल्या मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली आणि एका दूरसंचार कंपनीचे शेअर घेतले. सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला होता, “कंपनीवर कर्ज किती आहे?” आम्हांस ते ठाऊक नव्हते. आम्ही त्यांस भविष्यकाळाबद्दल एक व्याख्यानच दिले. दीड वर्षात रकमेचा आठवा हिस्सा उरला. मुलीस प्रवेश मिळाला तेव्हा पहिल्या वर्षाची फी भरावयास आमच्यापाशी पैसे नव्हते. ती फी भरली गेली ती याच मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून, बिनव्याजी. चार वर्षांत आम्ही ती फेडली, परंतु अर्ज घेऊन कार्यवाहांच्या दारात उभे राहिलो तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवशी निधी शेअरबाजारात अडकलेला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो.

म्हणून वर सांगितलेल्या सर्व हकिकतींतून जे निष्पन्न होते ते स्पष्ट शब्दांत मांडतो. तार की बिनतारी हा प्रश्न यंत्रज्ञाचा आहे. गुंतवणूक करणाऱ्या गृहस्थाचे प्रश्न निराळे आहेत. कंपनीवर कर्ज किती, आणि वर्षाच्या कमाईतून व्याज भागून काही उरते की नाही? तिचे गिऱ्हाईक हजारो आहेत की चार-दोनच? सरकारचे धोरण किंवा न्यायालयाचा एखादा निकाल फिरला तर ती तग धरील काय? आणि आज मागितली जाणारी किंमत आशेपोटी तर फुगलेली नाही ना? ही माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालात छापलेली असते. जो अहवाल वाचावयास कंटाळतो, त्याने शेअर घेण्याचाही कंटाळा करावा हे उत्तम.

तरुणांस आमचे सांगणे आहे की धाडस अवश्य करा, परंतु प्रथम सहा महिन्यांचा घरखर्च, विमा आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद बाजूस ठेवा. उरलेल्या रकमेतून दूरसंचारासारख्या एका धंद्यात विसाव्या हिश्शाहून अधिक घालू नये, असे आमचे मत आहे. कर्ज काढून तर मुळीच नको. ज्यांस अहवाल वाचावयास सवड नाही त्यांनी अनेक धंद्यांत विखुरलेल्या म्युच्युअल फंडाचा मार्ग धरावा, तोही दहा वर्षे थांबण्याची तयारी असेल तरच. निवृत्त बांधवांस मात्र हात जोडून विनंती आहे की आयुष्याची पुंजी एका भाकितावर लावू नका. बुडालेले परत मिळविण्यास तरुणाजवळ वर्षे असतात. आपणांजवळ ती नाहीत.

राहिली गोष्ट विद्यार्थी-साहाय्य निधीची. सार्वजनिक विश्वस्त निधी कोठे गुंतवावा यावर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमाचे बंधन आहे, हे विश्वस्तांनी प्रथम पाहावेच. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी आमचे मत बदलत नाही. या निधीत कोणा विधवा भगिनीने दिलेले शंभर रुपये आहेत, कोणी मुलाच्या पहिल्या पगारातून दिलेली देणगी आहे. जून महिन्यात एखादी मुलगी प्रवेशपत्र घेऊन येते तेव्हा तिला पैसे त्याच आठवड्यात हवे असतात. बाजार वर येईपर्यंत थांबा असे तिला सांगता येत नाही. हा निधी बँकेच्या ठेवीत व सरकारी रोख्यांत राहिला तर व्याज थोडे मिळेल, हे आम्हांस मान्य आहे. ते थोडेच असू द्यावे.

जाता जाता आपल्या जिल्ह्यातील आणखी एक गंमत सांगतो. विदेश संचार निगमच्या मालकीची खडकीनजीक दिघी येथे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती. निगमचे खाजगीकरण २००२ मध्ये झाले तेव्हा ती व इतर गावांतील जास्तीची जमीन वेगळी काढण्याचे ठरले, त्यासाठी हेमिस्फिअर प्रॉपर्टीज ही निराळी कंपनी झाली, आणि २०२० मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. ज्यांनी संदेशवहनासाठी म्हणून शेअर घेऊन शांतपणे जपून ठेवले, त्यांच्या हाती अठरा वर्षांनी जमिनीच्या कंपनीचे शेअर आले! तार आणि बिनतारी यांचा हिशेब करीत बसलेल्या कोणाच्याही वहीत ही रक्कम नव्हती. भविष्याचा अंदाज करताना आपण किती नम्र असावे, हे यावरून कळून येईल.

निधीसंबंधीची सूचना सभेपुढे येईल तेव्हा आपण सर्वांनी विचारपूर्वक मत द्यावे, आणि मत देण्यापूर्वी घरातील गृहिणीस एकदा विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.